काटा खोटे बोलतो तेव्हा

आमच्याकडे स्वयंपाकघरातले घड्याळ दहा मिनिटे पुढे आहे. ते मुद्दाम तसे ठेवलेले आहे, आणि घरातल्या प्रत्येकाला ही गोष्ट ठाऊक असल्यामुळे त्याचा कोणालाही काडीचा उपयोग होत नाही; जो तो मनातल्या मनात दहा मिनिटे वजा करून आरामात चहा पितो. पण त्याचा उपद्रवही नाही. किती चुकते हे ठाऊक असलेले यंत्र बिनचूक यंत्राइतकेच चांगले. खरा घात करते ते मनगटावरचे घड्याळ. ते वर्षानुवर्षे इमानाने चाललेले असते आणि एके दिवशी न सांगतासवरता मागे पडू लागते. ते बंद पडले असते तर कळले असते. पण ते चालूच असते, सेकंदकाटाही डौलात फिरत असतो, आणि आपण ऐटीत स्टेशनावर पोचतो तो लोकल डोळ्यांदेखत निघून गेलेली!

लोकल गेली तर पुढची मिळते. असला काटा आकाशात, तीनशे माणसांना घेऊन चाललेल्या विमानात खोटे बोलू लागला तर वैमानिक काय करतो, हा ह्या खेपेचा विषय. ऐन दिवाळीत असला विषय काढल्याबद्दल काही वाचक भगिनी कपाळाला आठ्या घालतील. परंतु हल्ली दिवाळीला अर्धे घर विमानानेच येते नि जाते, तेव्हा पुढच्या त्या बंद दाराआड काय चालते हे जाणून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे.

प्रथम एक भाबडा प्रश्न. वैमानिकाला काटे हवेतच कशाला? समोर काच आहे, डोळे शाबूत आहेत. टांगेवाला काही तबकडी बघून टांगा हाकीत नसे. स्वच्छ उजेडाच्या दिवशी हे खरेही आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते एका एंजिनाच्या छोट्याशा विमानातून, आणि तेही बिनतारी संदेशाच्या यंत्रावाचून. पण ढगात शिरले, की डोळ्यांचे काम संपते. मग उरते आपले शरीर, आणि शरीराइतका बेभरवशाचा साक्षीदार दुसरा नाही.

आपल्या कानात आत खोल तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. ऐकण्याशी त्यांचा संबंध नाही. त्यांच्यात द्रव असतो, आणि डोके वळले की तो जरा मागे रेंगाळतो, त्यावरून मेंदूला वळल्याची वर्दी मिळते. पण कलणे अगदी सावकाश असले, सेकंदाला एखाद्या अंशाइतके, तर वर्दी मिळतच नाही. उलट वळण बराच वेळ चालले तर द्रवही नळीबरोबर फिरू लागतो आणि मेंदू समजतो, वळण संपले. त्यात आणखी एक गंमत अशी, की विमान नीट कलून वळत असेल तर आपले वजन तिरपे न होता सरळ खुर्चीतच उतरते. बॉब हूव्हर नावाचे प्रसिद्ध अमेरिकन वैमानिक विमान हवेत पुरते उलटे करून पुन्हा सुलटे करीत, आणि ते करताना एका हाताने पेल्यात चहा ओतून दाखवीत! त्या चहाला जे कळले नाही ते आपल्या पोटाला कसे कळावे?

१९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. विमान चालवता येणारे, पण नुसत्या काट्यांवर चालवण्याचे शिक्षण न घेतलेले वीसजण घेतले, आणि त्यांना बाहेरचे काही दिसू नये अशी व्यवस्था करून उडायला सांगितले. (शेजारी शिक्षक होता, हे सांगायला हवे.) वीसच्या वीस जणांच्या हातून विमानाचा तोल गेला. कुणाचा वीस सेकंदांत गेला, कुणी आठ मिनिटे तग धरली. सरासरी निघाली १७८ सेकंद. म्हणजे पुरती तीन मिनिटेही नाहीत.

म्हणून काटे. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळ जिमी डूलिटल ह्या वैमानिकाने डोक्यावर झापड ओढून घेतली आणि बाहेरचे काहीही न पाहता विमान उडवले, फिरवले नि परत उतरवले. पुढच्या जागेवर बसलेला त्याचा सोबती अडीअडचणीसाठी होता. त्याला हात लावावा लागला नाही. ह्या करामतीतले मुख्य पात्र म्हणजे 'कृत्रिम क्षितिज'. एक भोवरा अतिवेगाने फिरत राहतो, आणि फिरता भोवरा आपली दिशा सोडीत नाही हे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक आहे. विमान कसेही कलो, भोवरा आपला ताठ. त्याच्या जोरावर तबकडीत एक रेघ दाखवली जाते. वर आकाश, खाली जमीन, मध्ये आपण. तेव्हापासून प्रत्येक वैमानिकाला पहिला धडा मिळतो तो हा, की तुझ्या शरीरावर विश्वास ठेवू नकोस, यंत्रावर ठेव.

आणि यंत्रच खोटे बोलले तर? ह्या प्रश्नाचे सर्वांत दुःखद उत्तर आपल्या मुंबईच्या दारात आहे.

१ जानेवारी १९७८, रविवार. एअर इंडियाचे 'एम्परर अशोक' हे जंबो विमान, त्या कंपनीचे पहिलेवहिले जंबो, रात्री पावणेनऊच्या सुमारास सांताक्रूझहून दुबईला निघाले. आत १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी. किनारा ओलांडून विमान ठरल्याप्रमाणे उजवीकडे वळले. वळण संपवून ते सरळ झाले, पण कप्तानासमोरच्या कृत्रिम क्षितिजाचा गोल सरळ झाला नाही; विमान अजून उजवीकडेच कललेले आहे असे तो सांगत राहिला. मागे शहराचे दिवे, पुढे काळाकुट्ट समुद्र नि काळेकुट्ट आकाश. दोहोंमधली रेघ कुठे असते हे कोणी सांगावे? उजवीकडे कललेले विमान सरळ करायचे म्हणजे डावीकडे वळवायचे. कप्तानाने ते डावीकडे वळवले. गोल हलेना. आणखी डावीकडे. त्याच्या तोंडून आपल्या यंत्राबद्दल आश्चर्याचा उद्गार निघाला; सहवैमानिक म्हणाला, माझेही कोलमडले आहे. वस्तुतः सहवैमानिकाचे यंत्र बहुधा अगदी बरोबर होते. विमानच कोलमडत चालले होते, आणि ते यंत्र तेच तर सांगत होते! मागे बसणाऱ्या फ्लाइट एंजिनियरच्या ध्यानात काहीतरी आले असावे. त्यावर जाऊ नका, त्यावर जाऊ नका, असे तो सांगत होता. विमान काटकोनाच्याही पलीकडे डाव्या अंगावर गेले आणि नाक खाली करून वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात कोसळले. धावपट्टी सोडल्यापासून १०१ सेकंद झाले होते. २१३ पैकी एकही वाचला नाही.

चौकशी झाली. यंत्र बिघडल्यावर कप्तानाला विमानाच्या स्थितीचे भान राहिले नाही, त्याने सुकाणू अविवेकाने फिरवले, आणि इतर यंत्रांच्या आधाराने विमान सावरता आले असते ते सावरले गेले नाही, असा निष्कर्ष निघाला. पुढे मृतांच्या नातेवाइकांनी अमेरिकेत विमान नि यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला, तो १९८५ साली फेटाळला गेला. निष्कर्षाच्या तपशिलाशी भांडण्याइतके माझे ज्ञान नाही. पण 'अविवेकाने' ह्या शब्दाशी माझे भांडण आहे. त्या माणसाचे प्रत्येक पाऊल समोरच्या गोलाला धरून होते. ज्या शिस्तीने त्याने वीसेक वर्षे माणसे सुखरूप पोचवली, तीच शिस्त त्या रात्री त्याने पाळली. दोष द्यायचाच तर त्याने दुसऱ्या तबकडीकडे, शेजारच्याच्या गोलाकडे, मधल्या छोट्या राखीव क्षितिजाकडे वेळेवर नजर टाकली नाही ह्याचा द्यावा. तेवढी नजर टाकायला किती वेळ लागतो? एक सेकंद. आणि तो एक सेकंद कोणता, हे घरबसल्या आपल्याला किती छान कळते!

कृत्रिम क्षितिजाची ही कथा. वेग नि उंची मोजणाऱ्या काट्यांची कथा निराळी, आणि तिच्यात एक अगदी घरगुती पात्र आहे. पण आधी नळी. आंरी पितो नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १७३२ साली पॅरिसच्या सेन नदीत एक वाकडी नळी धरली, तोंड प्रवाहाकडे. पाणी जितके जोरात, तितके नळीत वर चढे. विमानाच्या नाकाजवळ आज जी बोटाएवढी नळी पुढे तोंड करून असते ती त्याच नळीची पणती. पाण्याच्या जागी वारा, इतकाच फरक. समोरून घुसणाऱ्या वाऱ्याचा दाब ह्या नळीतून कळतो, आणि विमानाच्या अंगावरच्या बारीक भोकांतून भोवतालच्या शांत हवेचा दाब. दोहोंतल्या फरकावरून वेग. नुसत्या दुसऱ्यावरून उंची. कोट्यवधी रुपयांच्या विमानाची दोन महत्त्वाची उत्तरे अशी भोकांवर अवलंबून आहेत.

आता ते घरगुती पात्र. खिडकीच्या चौकटीत, कुलपाच्या भोकात, विजेच्या बटणाच्या कोपऱ्यात ओल्या मातीचे घर बांधणारी कुंभारीण आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. तिच्या दृष्टीने ही नळी म्हणजे बांधून तयार असलेला ब्लॉक, तोही पागडीशिवाय! फेब्रुवारी १९९६ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकात पोर्तो प्लाता येथे एक बोइंग ७५७ तीनएक आठवडे उभे होते, आणि नळ्यांवर टोपणे नव्हती. ६ तारखेच्या रात्री ते फ्रँकफुर्टला जायला निघाले. आपला वेगकाटा चालत नाही हे कप्तानाच्या धावपट्टीवरच लक्षात आले. तरी त्याने उड्डाण सोडले नाही. वर जाऊ लागताच काटा आपोआप जिवंत झाला! पण तो वेग दाखवीत नव्हता. नळीचे तोंड बुजले की आत कोंडलेला दाब तसाच राहतो. विमान वर चढते तशी बाहेरची हवा विरळ होते, फरक वाढतो, आणि काटा म्हणतो, वेग वाढला. स्वयंचालकाला माहिती मिळत होती ती ह्याच काट्याची. त्याने वेग कमी करण्यासाठी नाक वर उचलले. खरा वेग कमी कमी होत गेला, पंखांनी हवा सोडली, आणि विमान समुद्रात पडले. १८९ माणसे गेली. सहवैमानिकाचा काटा ह्या सर्व वेळात बरोबर वेग दाखवीत होता. ती नळी समुद्रातून मिळाली नाही, पण तपास करणाऱ्यांचा संशय कुंभारणीवरच आहे.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला पेरू देशात जे घडले ते ऐकून मात्र हात कपाळाकडे जातो. एरोपेरू कंपनीचे विमान धुऊनपुसून चकचकीत करताना एका कामगाराने पाणी जाऊ नये म्हणून अंगावरच्या त्या बारीक भोकांवर चिकटपट्टी लावली, आणि ती काढायची राहिली. मध्यरात्रीनंतर विमान लिमाहून उडाले. उंचीचा काटा खोटा, वेगाचा काटा खोटा. थोड्याच वेळात चालककक्षात एकाच वेळी दोन धोक्याच्या सूचना वाजू लागल्या: वेग फार झाला, आणि वेग फार कमी झाला. वैमानिकांनी जे कोणीही शहाणा माणूस करील तेच केले, त्रयस्थाला विचारले. लिमाच्या नियंत्रकाला त्यांनी आपली उंची विचारली, आणि त्याने आपल्या पडद्यावरचा आकडा वाचून सांगितला. तो आकडा पडद्यावर येतो कुठून? विमानातले उंचीचे यंत्रच तो खाली कळवीत असते! आपल्या मागे पडलेल्या घड्याळावरून शेजाऱ्याने त्याचे घड्याळ लावावे, आणि मग आपण शंका आली म्हणून शेजाऱ्यालाच वेळ विचारावी, तसे हे झाले. काटा आणि नियंत्रक ह्यांचे पटले, म्हणून त्यांनी त्यावर विश्वास ठेवला. जमीन जवळ आली असे ओरडून सांगणारे एक यंत्र तेवढे खरे बोलत होते, कारण ते हवेच्या दाबावर नव्हे, खालून उलटणाऱ्या रेडिओलहरींवर चालते. इतक्या खोट्यांच्या गलबल्यात त्या एका खऱ्याचे कोण ऐकणार? विमान पाण्याला टेकले तेव्हा उंचीचा काटा सुमारे ९,७०० फूट दाखवीत होता. सत्तर माणसे होती.

मग वैमानिकाने करावे तरी काय? ह्याचे उत्तर मला वाटते गृहिणींना चटकन पटेल. कुकरची शिट्टी बिघडली तर सुगरण बाई घाबरत नाही. एवढा तांदूळ, एवढे पाणी, एवढी आच, इतकी मिनिटे. भात झालाच पाहिजे, शिट्टी वाजो न वाजो. विमानाचेही तसेच आहे. नाक इतके अंश वर आणि एंजिनाची शक्ती इतकी, म्हणजे वेग साधारण इतका असणारच. बोइंग ७३७ च्या वैमानिकाला हे आकडे पाठच असावे लागतात: पंखांच्या झडपा आत असतील तर नाक ४ अंश वर नि शक्ती ७५ टक्के, झडपा बाहेर असतील तर १० अंश नि ८० टक्के. स्वयंचालक बंद करायचा, हे दोन आकडे लावायचे, आणि विमान स्थिर झाल्यावर मग शांतपणे शोधायचे की खोटारडा कोण.

ऐकायला सोपे आहे. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला चाललेल्या एअर फ्रान्सच्या एअरबसच्या नळ्या अटलांटिकवर, ढगातल्या बर्फाच्या कणांनी बुजल्या. वेगाचे आकडे बिघडले ते जेमतेम मिनिटभर. स्वयंचालकाने आपण होऊन हात वर केले. वैमानिकांनी काहीच केले नसते, नाक होते तिथे आणि शक्ती होती तितकी ठेवली असती, तरी विमान चालत राहिले असते. पण रात्र, वादळ आणि घंटांचा कल्लोळ. एकाने दांडा मागे ओढला तो ओढलेलाच राहिला. विमान ३५,००० फुटांवरून ३८,००० वर चढले, पंखांनी हवा सोडली, आणि मग ते नाक वर करूनच खाली पडू लागले. ह्यात एक क्रूर गोष्ट अशी, की वेग फारच कमी मोजला गेला की यंत्र तो आकडा अग्राह्य मानून धोक्याची सूचना थांबवी. दांडा सैल केला की आकडा ग्राह्य होई आणि सूचना पुन्हा सुरू! बरोबर केले की यंत्र ओरडते, चूक केली की गप्प बसते. अशा मास्तराकडून कोण काय शिकणार? २२८ माणसे गेली. दोन वर्षांनी विमानाची नोंदयंत्रे सुमारे ३,९०० मीटर खोल पाण्यातून वर काढली तेव्हा हे सारे उलगडले. त्यानंतर जगभर वैमानिकांना ह्या प्रसंगाची तालीम नव्याने देणे सुरू झाले.

कोणी म्हणेल, तीन-तीन यंत्रे बसवा, म्हणजे दोघांचे जमले की तिसरा खोटा ठरवता येईल. बसवतात. फ्रान्समध्ये पर्पिन्याजवळ २७ नोव्हेंबर २००८ रोजी एका एअरबसवर पंखांना हवा कोणत्या कोनात लागते हे सांगणारी तीन यंत्रे होती. विमान धुताना शिरलेले पाणी वर गोठले, आणि तिघांपैकी दोन एकाच कोनात अडकून बसली. दोघांचे अर्थातच एकमत झाले, आणि संगणकाने बहुमताला मान देऊन तिसऱ्याला, म्हणजे एकट्या खऱ्याला, बाजूला सारले. सातजण गेले. निवडणुकीच्या निकालांवर बोलण्याची ही जागा नव्हे.

आता जे झाले नाही त्याबद्दल. १८ जुलै २०१८ च्या रात्री ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनहून क्वालालंपूरला जाणारे मलेशियाचे एअरबस आकाशात चढले तेव्हा त्याच्या वेगमापक नळ्या तिन्हीच्या तिन्ही बंद होत्या. ब्रिस्बेनला एका परदेशी कुंभारणीचा फार त्रास आहे. म्हणून तिथे विमान उभे राहिले की नळ्यांवर टोपणे घालतात. ती टोपणे काढायची राहिली होती. खालून फेरी मारणाऱ्यांपैकी कोणाच्या नजरेला ती पडली नाहीत, आणि धावपट्टीवर वेग दिसत नाही हे वैमानिकांच्या ध्यानात आले तेव्हा थांबण्याची वेळ निघून गेली होती. ते वर गेले. त्यांनी नाक आणि शक्ती ह्यांचे पाठ आकडे धरले. मग खोटे बोलणारी वेगाची यंत्रे बंद केली, आणि एअरबसमध्ये अशा वेळेसाठी ठेवलेली एक राखीव पट्टी चालू केली. ती पट्टी नळीला विचारीतच नाही. पंखांना लागणाऱ्या हवेच्या कोनावरून वेग धोकादायक आहे की ठीक आहे एवढेच हिरव्या-तांबड्या रंगांत सांगते. त्या रंगांकडे बघत त्यांनी विमान फिरवून ब्रिस्बेनला आणले आणि उतरवले. कोणाला खरचटलेही नाही.

टोपणे नळ्यांवर तशीच होती, आणि त्यांच्या टोकांना, कोणाच्या तरी लक्षात यावे म्हणून लावलेल्या लांबलचक लाल फिती.